दांडगा घोडा : एकटा सोडावा की सोबतीने?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून सहा वर्षांचा मारवाडी घोडा आणला आणि अडीच महिन्यांपूर्वी खच्ची केला. आमच्या 30 गुंठ्यांच्या कुरणात दोन घोड्या आणि एक म्हातारा, शांत खच्ची टट्टू आहे. नव्याला मोकळा सोडला की तो सगळ्यांना पळवतो, चावतो. एका घोडीच्या मानेवर दात उमटले. मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) म्हणतो, याला कायमचा वेगळा ठेवा. काय करावं?

उत्तर : कायमचा नको. तूर्त वेगळा ठेवा, पण बाकीचे त्याला दिसले पाहिजेत. नजरेआड एकटा ठेवलेला घोडा कुंपणालगत येरझारा घालतो, चरत नाही, अंगाने उतरतो. आणि पुढे सोबत मिळाली की आधीपेक्षा जास्त धिंगाणा करतो.

त्याचं वागणं आठवून पाहा. कान मागे पाडून दोन-चार पावलं धावला आणि समोरचा हलताच थांबला, तर ती नव्या कळपातली नेहमीची मानपानाची भांडणं. समोरचा दूर गेल्यावरही पाठलाग चालूच, कोपऱ्यात गाठून मान किंवा गुडघे धरणं, हे मात्र धोक्याचं. आपल्याकडे बरेच घोडे शिंगरूपणापासून आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून, एकटे वाढतात. दुसऱ्याचा पडलेला कान म्हणजे ‘सर बाजूला’, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. तुमचा तसाच असेल तर तो खुनशी नाही, अडाणी आहे.

खच्ची केल्यावर संप्रेरक लवकर उतरतं. सवय उतरायला महिने लागतात. दोन्ही अंडं निघाली होती ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. एखादं पोटात राहिलं असेल तर वागणं बदलणार नाही. रक्त तपासून ते कळतं. दात आणि पाठही दाखवा, कारण दुखणारा घोडाही चावतो. काम नसताना हरभऱ्याची चंदी (खुराक) भरपूर चालू असेल तर आठवडाभरात हळूहळू कमी करून गवत वाढवा.

आता जोड्या. घोड्या एकीकडे, हा आणि टट्टू दुसरीकडे. घोडीच्या माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं, त्यातले 5 ते 7 दिवस माजाचे. त्या दिवसांत घोडी समोर असली की हा टट्टूलाही जवळ येऊ देणार नाही. म्हणून दोन्ही जोड्यांच्या मध्ये तीनेक मीटरची मोकळी पट्टी ठेवून दुहेरी कुंपण घाला. काटेरी तार अजिबात नको. कुंपण छातीच्या उंचीचं, पाइपाचं किंवा वाशांचं. कोपरे आडवे वासे लावून तिरके करा; पळणारा घोडा कोपऱ्यातच अडकतो आणि तिथेच दुगाण्या बसतात.

टट्टूला आठ-दहा दिवस याच्या शेजारच्या आवारात ठेवा. दोघं कुंपणाजवळ शांत उभे राहून गवत खाऊ लागले की एकत्र सोडायचे. त्याआधी नालबंदाकडून दोघांचे मागचे नाल काढून घ्या. सकाळी पोटभर गवत खाल्ल्यावर सोडा. चिखल असेल त्या दिवशी मात्र सोडू नका. या दोघांना गवताचे तीन ढीग, एकमेकांपासून दहा मीटरवर. पाणी दोन ठिकाणी. चंदी आत न्यायचीच नाही. मोहरकी (तोंडावरचा दोरीचा साज) काढून टाका, कशाततरी अडकते. दोर हातात धरून नाकाला नाक लावण्याची हौस नको. घोडा किंचाळून पुढचा पाय मारतो, तो धरणाऱ्यालाच लागतो.

पहिल्या दिवशी अर्धा तास, तोही नजरेसमोर. किंचाळणं, पळापळ, हवेतल्या दुगाण्या चालतील. टट्टू दमून घामाघूम झाला आणि तरी हा सोडत नसेल, तर वेगळे करा आणि आठवडाभर शेजारशेजारच ठेवा. तीन-चार प्रयत्नांनंतरही तेच, तर हा शेजारी म्हणूनच ठीक. असेही घोडे असतात. त्यांना कुंपणापलीकडची सोबत पुरते. माद्यांमध्ये सोडायचा विचार टट्टूबरोबर दोन महिने नीट गेल्यावर.

प्रश्न : घोडीला मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली टाप लागली. जखम बोटभर, चालते नीट. हळद लावून परत सोडली तर?

उत्तर : सोडू नका. त्या जागी कातडीखाली लगेच हाड असतं, मध्ये मांस नाही. हाडाला बारीक तडा गेला तरी घोडी काही दिवस चालते, आणि मग बसता-उठताना किंवा धावताना तेच हाड पूर्ण मोडतं. आजच डॉक्टरांना बोलवून एक्स-रे काढा. पहिल्या एक्स-रेत तडा दिसला नाही तरी संशय असेल तर 10 ते 14 दिवसांनी पुन्हा काढतात. तोवर ठाणावर, म्हणजे बांधायच्या जागीच, ठेवा. बसू न देता बांधायची की नाही, ते डॉक्टर सांगतील. वेदनाशामक मनाने देऊ नका, दुखणं थांबलं की ती त्या पायावर पूर्ण भार टाकते. आणि धनुर्वाताची लस विसरू नका. घोड्यांना तो फार पटकन होतो, जखम बोटभर असली तरी.