एकाच आवारात दोन कळप मोकळे सोडले तर वेगळे राहतात का?

तुम्ही विचारलंय की जुन्या बारा कोंबड्या आणि नवीन दहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), दोन्हीकडे एकेक कोंबडा, आवार एकच, मधे जाळी मारायची इच्छा नाही, तर कळप वेगळे ठेवता येतील का. येतील. माझ्याकडे तीन कळप आहेत, पाचवं वर्ष चालू आहे आणि मधे हातभर पण कुंपण नाही. फक्त 'वेगळे' म्हणजे तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा. मारामाऱ्या नकोत एवढंच असेल तर सोपंय, जात शुद्ध ठेवायची असेल तर थोडा उद्योग आहे, आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून म्हणत असाल तर मोकळं सोडून ते होणार नाही, विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. कळप दिवसा वेगळा करायला जाऊच नका, रात्री करा. कोंबडी रात्री ज्या दांडीवर बसते ते तिचं घर, आणि जिच्या शेजारी बसते ती तिची माणसं. म्हणून नवीन तलंगांना त्यांच्या खुराड्यात सलग आठ-दहा दिवस कोंडून ठेवा, दाणापाणी आतच, दया येऊन मधेच सोडायचं नाही. मग पहिल्यांदा सोडाल ते सकाळी नाही, दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा. लांब जायला वेळच मिळत नाही, जरा आजूबाजूला उकरतात आणि अंधारायला लागलं की मुकाट आत येतात. असं चार-पाच दिवस करून मग हळूहळू वेळ वाढवायची.

मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला, साफसफाईला बरं पडेल म्हणून दोन्ही खुराडी चिकटून बांधली, दारं पण एकाच बाजूला. तिसऱ्या संध्याकाळी मोजतोय तर जुन्या खुराड्यात बाराच्या पंधरा झालेल्या. त्यातल्या दोघी दांडीच्या टोकाला अंग चोरून बसलेल्या आणि तिसरीला जुन्यांनी एवढं टोचलं होतं की ती खाली कोपऱ्यात भिंतीत डोकं खुपसून उभी होती, तुऱ्यातून रक्त येत होतं. रक्त दिसलं की बाकीच्या अजून टोचतात, त्यामुळे तिला ताबडतोब बाजूला काढावंच लागतं. मग पुढच्या चार-पाच रात्री माझं कामच ते, टॉर्च घेऊन जायचं, एकेक उचलून काखेत धरायची आणि तिच्या घरी नेऊन दांडीवर ठेवायची. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही म्हणून ती गपगुमान येते, दिवसा हेच करून बघा, अख्खं आवार पळवेल. आता खुराड्यांमधे साठेक पावलांचं अंतर आहे, मधे झुडपं आहेत आणि दारं विरुद्ध दिशेला, तेव्हापासून क्वचितच एखादी चुकते.

नरांचं म्हणाल तर आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा हे गणित तुमच्याकडे बरोबर बसतंय. दोघंही मोठे झालेले असतील तर सुरुवातीला एक-दोनदा जुंपणारच, मानेची पिसं फुलवून एकमेकांसमोर डोकं खाली-वर करतील, दोन उड्या मारतील आणि एक जण पाठ फिरवेल. पाठ फिरवली की संपलं, तुम्ही मधे पडू नका. पळायला जागा असली की बहुतेक वेळा एवढ्यावरच मिटतं, पण एक जण पाठलागच सोडत नसेल किंवा रक्त निघालं तर एकाला वेगळा ठेवावा लागतो. माझ्याकडे उकिरड्याचा ढीग ही हद्द आहे, अलीकडे हा, पलीकडे तो, कोणी ठरवलं देव जाणे. उलट दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवलंत तर दिवसभर जाळीतून लढून तुरे फाडून घेतात, तिथे जाळी नाही, पलीकडचं दिसणार नाही अशी फळी लागते.

खाद्याचा घोळ मात्र हमखास होतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढीच्या खाद्यात साधारण एकच टक्का, आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांनी लेअर खाद्य महिनोन् महिने खाल्लं तर त्यांच्या किडनीवर येतं. मोकळ्या कळपात कोण कुणाचं खातंय यावर तुम्ही पहारा देणार आहात का? सरळ सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला गरज आहे ती बरोबर खाते. भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पाण्याची पण, नाहीतर दबंग बाई एकाच भांड्यावर ठाण मांडून बसते आणि गरीब उपाशी.

जात सांभाळायची असेल तर वर्षभर वेगळं ठेवायची गरज नाही. कोंबडा एकदा लागला की मादीच्या शरीरात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणजे पिल्लं काढायच्या आधी निवडक माद्या हव्या त्या कोंबड्याबरोबर बंद करायच्या, मी चार आठवडे थांबतो, तोवरची अंडी तव्यावर, त्यानंतरची खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली. एकवीस दिवसांनी पिल्लं. काम झालं की सगळ्यांना परत सोडून द्यायचं.

रोगाच्या बाबतीत एकत्र चरणारे सगळे कळप म्हणजे एकच कळप धरा. तीच माती, तीच विष्ठा, तेच डबकं. लस द्यायची तर सगळ्यांना, आणि एकीला जंत निघाले तर औषध कुणाला द्यायचं हे डॉक्टरांना सगळ्यांची संख्या सांगून विचारा. बाहेरून आणलेला पक्षी आधी महिनाभर लांब ठेवा, आणि रोज आधी आपल्या कोंबड्यांचं आवरून मगच त्याच्याकडे जा, तिथल्या चपला तिथेच.

आणि पायात रंगीत रिंगा घाला, या कळपाला लाल, त्याला निळी, म्हणजे संध्याकाळी दारात उभं राहून पटकन मोजता येतं. माझी एक निळी रिंगवाली रोज लालवाल्यांकडे जाऊन झोपायची, सहा रात्री काखेत मारून परत आणली, सातव्या दिवशी कंटाळून तिची रिंगच बदलली.