मोबाईलच्या फोटोवरून किडे, पाली, साप खरंच ओळखता येतात का?

येतात, पण फोटो कसा काढलाय त्यावर आहे. तुम्ही लिहिलंय की परसात दिसलेल्या किड्यांचे, सापाच्या पिल्लांचे फोटो ग्रुपवर टाकलात की दोघं दोन नावं सांगतात, मग खरं कुणाचं मानायचं आणि अ‍ॅप कुठलं घ्यायचं. हे वाचून मी ताटावरून उठून लिहायला बसलोय, कारण माझं याच विषयावर एक जुनं भांडण अजून मिटलेलं नाही.

आमचं गाव जांबोटीच्या अलीकडं, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, म्हणजे कर्नाटकात. मिरग लागून आठ-दहा दिवस झालेले. वहिनी परसात अळूच्या कडेला शेणखत उपसत होती आणि एकदम ओरडली, "भावजी, लवकर या, दुतोंडं हाय बगा, वळवळूलंय!" मी पळत जाऊन आधी तिच्या हातातलं फावडं घेतलं, कारण वहिनीचा नेम चांगला आहे.

वीतभर लांब, करंगळीपेक्षा बारीक, जांभळट करडं आणि अंगभर कड्या. कड्या गांडुळासारख्याच, पण गांडूळ लांब-आखूड होत सरकतं, हे सापासारखी वळणं घेत चाललेलं, आणि एवढ्या चिखलात लोळूनही अंगाला माती म्हणून चिकटत नव्हती, फक्त डोक्यावर थोडी. वहिनीनं काडी लावली तर त्यानं चक्क तोंड उघडलं, जबडा असलेलं तोंड, गांडुळाला कुठला आलाय जबडा? मी म्हटलं देवगांडूळ. बेडकाच्या गोतातला, पाय नसलेला प्राणी, जन्म सगळा मातीखाली काढतो, पावसाळ्यात असा कधीतरी सापडतो. पाच फोटो काढले, पावसातच, फ्लॅश मारून, आणि त्याला परत खताखाली सोडून दिलं.

ग्रुपवर एक सर आहेत, नाव नको. फोटो पडल्या पडल्या त्यांचं उत्तर, "वाळा. कॉमन आहे." वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बारीक साप. मी म्हटलं सर, कड्या बघा. ते म्हणाले ओल्या खवल्यांवर फ्लॅश पडला की तसंच दिसतं. मी म्हटलं डोळे दिसत नाहीत, आमच्याकडच्या काही देवगांडुळांचे डोळे हाडाखाली असतात, बाहेरून दिसतच नाहीत. ते म्हणाले वाळ्याचे डोळे पण खवल्याखालचे दोन काळे ठिपके, आणि तुमच्या फोटोत डोक्यावर चिखल आहे. इथपर्यंत ठीक, चिखल खरंच होता. शेपटीचं टोक दाखवा म्हणाले, वाळ्याला तिथं बारीक काटा असतो, तर पाचही फोटोंत शेपटी खताखाली. पण पुढं त्यांनी लिहिलं, "देवगांडूळ आमच्या यादीत आंबोलीचं आहे, बेळगावचं नाही."

इथं माझं डोकं फिरलं. यादी महाराष्ट्राची, ती हद्दीवरच्या चंदगडला संपणारच. कन्नड पुस्तक घेतलं तर वडिलांना वाचता येत नाही, मराठी पुस्तक घेतलं तर नकाशा आमच्या अलीकडंच थांबतो, मग आमच्या परसातल्या जनावरानं राहायचं कुठं? अहो, 2007 साली देवगांडुळाची एक अख्खी नवी जात नोंदली गेली ती चोर्ला गावातून, आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं चोर्ला, आणि नाव म्हादई नदीवरून ठेवलंय. हे मी लिहिलं तर सरांनी अंगठा टाकला आणि विषय फुलपाखरावर नेला.

असो. तर खरं कुणाचं मानायचं? जो नावाबरोबर खूण सांगतो त्याचं. "वाळा, कॉमन" हे उत्तर नाही, ते बरोबर आलं तरी नाही. आणि तुम्ही फोटो टाकताना गावाचं नाव, तारीख, कुठल्या झाडावर होतं हे लिहाच, कारण कण्हेरीवरची मोठे निळे डोळे वटारणारी हिरवी अळी झाडाच्या नावावरूनच निम्मी ओळखता येते. शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं, लांबीचा वाद मिटतो. ओल्या अंगावर फ्लॅश नको. डोकं बाजूनं, पोट, शेपटीचं टोक, तिन्ही घ्या, माझ्यासारखे एकाच बाजूचे पाच नको. किड्याचे पंख मोजता आले पाहिजेत, मधमाशीसारखी दिसणारी कितीतरी जनावरं माश्या असतात, मधमाशीला चार पंख, माशीला दोन. तरी खूपसे किडे फोटोवरून जातीपर्यंत जातच नाहीत, कुळावर थांबावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

अ‍ॅपचं म्हणाल तर मी आयनॅचरलिस्ट वापरतो. त्यातलं यंत्र दिसण्यावरून आणि आसपासच्या जुन्या नोंदींवरून अंदाज सांगतं, म्हणजे जिथून कुणी फोटो टाकतच नाही तिथलं ते गडबडतं, सरांसारखंच. पण निदान वाद घालायला खाली माणसं असतात.

एक राहिलंच, आणि हे आधी लिहायला हवं होतं. पोटाचा फोटो वगैरे जे सांगितलं ते सापाला लागू नाही. बिनविषारी कवड्या आहे की विषारी मण्यार हे बघायला कुणी वाकून बघू नका, पिल्लू असलं तरी. मण्यार चावली तर सूज नाही, दुखणं पण फारसं नाही, आणि माणूस रात्रीत जाऊ शकतो. चावलं तर ओळख पटवत बसायचं नाही, सरळ सिव्हिल गाठायचं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर आपल्याकडं लस एकच आहे. वाळा आणि देवगांडूळ दोन्ही बिनविषारी समजा, तरी देवगांडुळाला कोरड्या हातानं किंवा सॅनिटायझर लावलेल्या हातानं धरू नका, त्याची कातडी बेडकासारखी नाजूक असते.

आणि सर, तुम्ही इथं वाचत असाल तर मिरग लागल्यावर आमच्याकडं या. खत वहिनी उपसेल, फोटो तुम्ही काढा. येण्याआधी फोन तेवढा करा, पावसात आमच्या घाटातल्या रस्त्याचा काही भरवसा नसतो.