अंगठ्याचा ठणका

प्रश्न : मी दादरला व्यावसायिक मालिश करते. दिवसाला पाच-सहा ग्राहक झाले की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. काय करावे?

उत्तर : ताई, हे दुखणे कृपया अंगावर काढू नका. अंगठ्याच्या टोकाने दाब दिला की सगळा भार मुळाशी असलेल्या लहानशा सांध्यावर येतो. म्हणून पाठीसारख्या रुंद भागावर कोपराखालचा हात वापरावा आणि दाब मनगटातून नव्हे, तर एक पाय पुढे ठेवून शरीराचे वजन झुकवून द्यावा. टेबल उंच असेल तर हे साधतच नाही : सरळ उभे राहून हात खाली सोडला असता वळलेल्या मुठीची पेरे टेबलाला टेकावीत, इतकी उंची साधारण बेताची. डब्याचे झाकण उघडतानाही कळ येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे.