हललेला एक्स-रे कॉम्प्युटरवर सुधारतो का?

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे, पार्किन्सनमुळे हात थरथरतात. परवा म्हापशात छातीचा एक्स-रे काढायला नेलं तर 'फोटो हलला' म्हणून दोनदा काढला. मशीन तर डिजिटल होतं, मग कॉम्प्युटरवरच साफ का नाही केला? आणि दोनदा किरणं लागली त्याचं काय?
- एक वाचक, अस्नोडा

उत्तर : डिजिटल म्हटलं की काहीही दुरुस्त होतं असं सगळ्यांनाच वाटतं हो. फोटो काळा-पांढरा कमीजास्त करता येतो, पण हललेल्या फोटोत बरगडीची कडा पसरूनच उमटलेली असते, शार्पनेस वाढवला तर ती पसरलेलीच कडा ठळक होते, बाकी काही नाही.

खरा खेळ वेळेचा. एमए म्हणजे किरणं सोडणाऱ्या ट्यूबमधला करंट, आणि एमएएस म्हणजे तो करंट गुणिले सेकंद, एकूण किरणांचं माप. समजा कमरेच्या फोटोला २० एमएएस हवेत, तर २०० एमएवर ०.१ सेकंद लागतो आणि ४०० एमएवर ०.०५, म्हणजे किरणं तेवढीच पण हलायला वेळ निम्मा. वॉर्डात ढकलत नेतात त्या छोट्या पोर्टेबल मशीनला एवढा एमए बहुतेकदा झेपत नाही, म्हणून तिथले फोटो जास्त हलतात.

पण मशीनपेक्षा श्वासच जास्त दगा देतो. एका आजीला मी म्हटलं, आजी, श्वास धरून ठेवा, तर ती बरोबर बटण दाबताना म्हणाली, "धरला रे पुता!" झालं, होता नव्हता तो श्वास बाहेर! तेव्हापासून मी आधी सांगतो की उत्तर द्यायचं नाही, दोनदा नुसती तालीम करून घेतो आणि तोंडाकडे नाही, पोटाकडे बघतो. बटणाचे दोन टप्पे असतात, पहिल्यात ट्यूबच्या आतली चकती फिरून तयार व्हायला सेकंदभर जातो, तो टप्पा पेशंट श्वास घेत असतानाच दाबला की म्हाताऱ्या माणसाला उगाच ताटकळावं लागत नाही.

किरणांचं म्हणाल तर छातीच्या एका साध्या फोटोचा डोस साधारण ०.०२ मिलीसिव्हर्ट, निसर्गातून आपल्याला तेवढा तीनेक दिवसांत मिळतोच. हललेल्या फोटोवरून निदान करण्यापेक्षा दुसरा काढला ते बरंच केलं.

पार्किन्सनची थरथर हात मोकळे असताना आणि माणूस घाबरला की वाढते. पुढच्या वेळी गोळीचा असर चढलेला असेल तेव्हाच बाबांना न्या, स्टँड घट्ट धरायला सांगा, आणि उभं राहवत नसेल तर स्टूल मागून घ्या, लाजू नका.