ट्यूशन वेव्हरवर कर लागला तर पीएचडीच्या स्टायपेंडमधलं हातात किती उरेल?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत खासगी विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळालाय, वर्षाला ३०,००० डॉलर स्टायपेंड आणि ४५,००० डॉलरची फी माफ (यालाच ट्यूशन वेव्हर म्हणतात). या माफ फीवरही कर लागतो का, आणि उद्या लागला तर?

आज लागत नाही. टीए (शिकवण्यात मदत करणारे) किंवा आरए (संशोधनात मदत करणारे) असलेल्यांची फीमाफी अमेरिकी करसंहितेच्या कलम ११७(डी)(५) मुळे उत्पन्नात धरत नाहीत. भीती पसरली ती २०१७ मध्ये. १६ नोव्हेंबरला हाऊसने (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) मंजूर केलेल्या कर-विधेयकात ११७(डी) वरच काट मारली होती. २२ डिसेंबरला सही झालेल्या अंतिम कायद्यात मात्र ते शाबूत राहिलं. तरी असे प्रस्ताव पुन्हा डोकं वर काढू शकतात, म्हणून हिशेब करून ठेवलेला बरा.

२०२५ चे दर घेऊ, अविवाहित विद्यार्थी. ३०,००० मधून १५,७५० ची स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी वजावट) गेली की फेडरल, म्हणजे केंद्राचा, कर साधारण १,४७० डॉलर. (एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या, करापुरत्या ‘नॉन-रेसिडेंट’ धरलेल्यांना ही वजावट एरवी मिळत नाही, भारतीयांना ती भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१(२) मुळे मिळते. रिटर्नमध्ये हे लिहायलाच बरेच जण विसरतात.) माफ फी धरली की उत्पन्न ७५,०००, वरचा तुकडा २२ टक्क्यांच्या टप्प्यात, आणि कर ७,९५० च्या आसपास. म्हणजे वर्षाला सुमारे ६,४८० डॉलर जास्त. कर कापून आज महिन्याला २,३७५ हातात येत असतील, तर तेव्हा १,८४० सुद्धा येणार नाहीत. फी कधी खात्यात जमा होत नाही, पण तिच्यावरचा कर रोख स्टायपेंडमधूनच जाणार, खरी गोची ही. बहुतेक राज्यांचा करही फेडरल उत्पन्नावरूनच मोजतात, तो वेगळा.

सरकारी विद्यापीठात आकडे लहान असतात, पण आपल्याला तिथेही फटका जास्त. समजा स्टायपेंड २४,०००, त्या राज्यातल्या विद्यार्थ्याची फी १२,००० आणि बाहेरच्याची ३०,०००. एकाच लॅबमध्ये, एकाच पगारावर, स्थानिक विद्यार्थ्याचा कर सुमारे १,३७० ने वाढेल आणि भारतीयाचा ३,५३० ने. शिवाय करपात्र वेव्हर म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही भरलेली फी, त्यामुळे रेसिडेंट करदात्याला लाइफटाइम लर्निंग क्रेडिटमधून (शिक्षणखर्चावरची करसवलत) २,००० पर्यंत सुटका मिळू शकते. नॉन-रेसिडेंटला (एफ-१ वर बहुधा पहिली पाच कॅलेंडर वर्षं) तेही नाही.

विद्यापीठं वेव्हरला ‘शिष्यवृत्ती’ म्हणून मोकळी होतील, असं काही जण म्हणतात. नुसतं नाव बदलून भागत नाही. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या मोबदल्यात दिलेली शिष्यवृत्ती ११७(सी) प्रमाणे करपात्रच. फीमाफी कामापासून खरोखर तोडावी लागेल, नाहीतर कँडिडसीनंतरची (कोर्स आणि पात्रता परीक्षा संपून फक्त प्रबंध उरल्यावरची) फीच कागदावर कमी करावी लागेल. दुसरा उपाय मला जास्त व्यवहार्य वाटतो, कारण त्या टप्प्यावर वर्ग नसतातच.

आता जे आजच लागू आहे ते. ११७(डी)(५) मध्ये फक्त शिकवणं आणि संशोधन येतं. ॲडमिशन ऑफिस, हॉस्टेल, क्रीडा विभाग अशा ठिकाणची असिस्टंटशिप असेल तर पदव्युत्तर फीमाफी करपात्र ठरू शकते. विद्यापीठाची कलम १२७ ची (नोकरदारांच्या शिक्षणखर्चाला मदतीची) योजना असेल तर कॅलेंडर वर्षाला ५,२५० पर्यंत सूट. हे कॅलेंडर वर्षच घात करतं: स्प्रिंगला (वर्षाच्या सुरुवातीचं सेमिस्टर) १०,००० माफ झाले तर सूट तिथेच संपते, ४,७५० वर कर लागतो, आणि त्याच वर्षाच्या शेवटी येणाऱ्या फॉल सेमिस्टरचे १०,००० पूर्ण करपात्र. १२ टक्क्यांनी १,२०० डॉलर चार महिन्यांच्या पगारातून, म्हणजे महिन्याला ३०० कमी.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी ग्रॅज्युएट ऑफिसला ईमेलने विचारा: माझं पद टीए/आरए म्हणून नोंदलेलं आहे का, वेव्हर कोणत्या कलमाखाली करमुक्त आहे, आणि नसेल तर कर किती पगारांत विभागून कापणार? उत्तर लेखी घ्या. स्टुडंट फी आणि हेल्थ इन्शुरन्स वेव्हरमध्ये आहेत का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. बऱ्याच ठिकाणी नसतात, आणि ते पैसे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भरावे लागतात, पहिला स्टायपेंड जमा होण्याआधी.