ज्येष्ठ खेळाडूला बाकावर बसवण्याआधी क्लबशी बोलून घ्या

तुमच्या बास्केटबॉल संघाचा छत्तीस वर्षांचा कर्णधार सामना सुरू करणाऱ्या पाच खेळाडूंतून बाहेर राहायला तयार नाही आणि त्याला राखीव म्हणून बाकावर बसवण्याचा अधिकार प्रशिक्षक म्हणून तुम्हाला खरोखर आहे का, हा तुमचा प्रश्न वाचून बारा वर्षांपूर्वीचा माझा हंगाम डोळ्यांसमोर उभा राहिला. मी जिल्हा पातळीवरचे संघ सांभाळले आहेत, व्यावसायिक नव्हे. तेव्हा माझे म्हणणे तेवढ्याच मर्यादेत घ्यावे.

कोण किती मिनिटे खेळणार हे प्रशिक्षक ठरवतो. खेळाडूचे संघातले स्थान मात्र बहुधा त्याआधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्स संघाने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपला तारा खेळाडू कोबी ब्रायंटला दोन वर्षांची मुदतवाढ देऊन ४ कोटी ८५ लाख डॉलर कबूल केले, तेव्हा टाचेच्या गंभीर दुखापतीनंतर तो मैदानावर परतलाही नव्हता. २०१५-१६ या त्याच्या शेवटच्या हंगामात बास्केटवर टाकलेले त्याचे जवळपास ६४ टक्के चेंडू वाया गेले, संघ ८२ पैकी ६५ सामने हरला आणि हंगामानंतर नोकरी गेली ती प्रशिक्षक बायरन स्कॉट यांची. ज्याच्या निरोपासाठी सारा हंगाम वाहिलेला होता, त्याला बसवण्याचे बळ त्यांनी कुठून आणायचे होते?

उलट त्याच लीगमधल्या सॅन अँटोनियो संघाने २०१४ चे विजेतेपद मिळवले त्या हंगामात त्यांचा एकही खेळाडू सरासरी तीस मिनिटे खेळला नाही. याचे श्रेय लोक प्रशिक्षक पोपोविच यांच्या दराऱ्याला देतात, ते मला पुरेसे वाटत नाही. संघाच्या ज्येष्ठ खेळाडूंपैकी टिम डंकनने २०१२ मध्येच आधीच्या निम्म्याहून कमी पगारावर सही केली होती, मनू जिनोबिलीने बाकावरून येणे अनेक वर्षे स्वीकारले होते आणि व्यवस्थापन प्रशिक्षकाच्या पाठीशी होते. एकेकाळचा तारा ॲलन आयव्हरसन याच्याबाबत ते जमले नाही. २००९ मध्ये मेम्फिस संघाकडून तो बाकावरून तीन सामने खेळला आणि संघ सोडून गेला.

माझी चूक याहून साधी होती. सामन्याला दहा मिनिटे उरली असताना मी सर्वांसमोर पाच नावे वाचली. आमचा ज्येष्ठ खेळाडू गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. आपले नाव आले नाही हे लक्षात येताच त्याचा हात थांबला आणि सुटलेली पट्टी जमिनीवर घरंगळत गेली. तो काहीही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून तरुण मुले माझ्याकडे बघण्याआधी त्याच्याकडे बघू लागली आणि तो हंगाम माझ्या हातून गेला. नंतर कळले, की क्लबच्या एका पदाधिकाऱ्याने त्याला वर्षभर पहिल्या पाचांत ठेवण्याचा शब्द परस्पर दिला होता. मी दाद मागायला गेलो तेव्हा ‘तुमचे तुम्ही मिटवा’ एवढेच उत्तर मिळाले. ज्यांनी शब्द दिला त्यांनीच हात झटकले, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून आधी पदाधिकाऱ्यांना विचारा, की कर्णधाराला कोणी काही कबूल केले आहे का, आणि तुमचा निर्णय त्यांना मान्य असल्याचे त्यांनी स्वतः त्याला सांगावे असा आग्रह धरा. मग निदान आठवडाभर आधी त्याच्याशी एकट्याने बोला. ‘थोडे कमी खेळ’ असे मोघम न सांगता दुसऱ्या क्वार्टरची (सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्याची) शेवटची पाच मिनिटे आणि चौथा क्वार्टर त्याचा, असे नेमके सांगा. आणखी एक: या वयात बसून गुडघे आखडतात, म्हणून त्याला मैदानात उतरवण्याच्या तीन-चार मिनिटे आधी खूण करा, म्हणजे बाकामागे त्याला अंग मोकळे करता येईल.