मोबदला घेऊन फवारणी करायची असेल तर कोणता परवाना आणि कोणते प्रशिक्षण

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला: तुम्ही रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आहात, यवतमाळ जिल्ह्यात राहता आणि दोन हंगाम गावातल्या इतरांच्या शेतांत मोबदला घेऊन बॅटरी पंपाने फवारणी करत आहात. आता तीन-चार मजूर हाताशी घेऊन हाच व्यवसाय करावा, पुढे तालुक्याच्या गावी घरांतील वाळवीची कामेही घ्यावीत, असा तुमचा विचार आहे. कृषी सेवा केंद्राच्या मालकाने ‘देसी पदविका केली की सगळे होते’ असे सांगितले, ते खरे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. ते खरे नाही. मी स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ परवानाधारक म्हणून हे काम करत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देसी ही पदविका हैदराबादच्या ‘मॅनेज’ (राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था) या संस्थेने 2003 मध्ये कृषी निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते, कीटकनाशके विकणाऱ्यांसाठी सुरू केली. वर्षभराचा तो अभ्यासक्रम चांगला आहे आणि ज्याला दुकान चालवायचे आहे त्याने तो अवश्य करावा, परंतु त्याचा संबंध विक्रीशी आहे. तुम्हाला औषध विकायचे नसून दुसऱ्याच्या जागेत पैसे घेऊन ते वापरायचे आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ही निराळी गोष्ट आहे.

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे कीटकनाशक अधिनियम, 1968 आणि त्याखालील 1971 चे नियम. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नधान्याबरोबरच वाहून आणले गेले, ते पिठात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे हा कायदा आला. त्याच्या कलम 13 मध्ये उत्पादन आणि विक्रीच्या जोडीला ‘व्यावसायिक कीड नियंत्रण’ करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागेल असे स्पष्ट म्हटले आहे, आणि या संज्ञेत घरे, गोदामे यांच्याबरोबर शेतातील व्यावसायिक फवारणीही येते. कलम 38 मात्र तीन ठिकाणच्या वापराला कायद्यातून सूट देते: स्वतःचे घर, स्वतःची परसबाग आणि स्वतः कसत असलेली जमीन. म्हणून तुमच्या वडिलांना आपल्या कपाशीवर फवारण्यासाठी कोणताही कागद लागत नाही, पण तुम्ही शेजाऱ्याच्या पऱ्हाटीवर एकराचा दर ठरवून पंप चालवता तेव्हा ती सूट तुम्हाला मिळत नाही. गावोगाव हजारो मुले हे काम परवान्याशिवाय करतात आणि त्यांना कोणी अडवत नाही, हे मला माहीत आहे. परंतु उद्या तुमच्या मजुराला विषबाधा झाली किंवा कोणाचे पीक जळाले, तर पहिला प्रश्न परवान्याचाच येईल, आणि विनापरवाना व्यावसायिक कीड नियंत्रण करणे हा कारावासाची तरतूद असलेला गुन्हा आहे.

कीड नियंत्रण परवान्यासाठी नियमांनी शिक्षणाची अट घातली आहे. अर्जदार कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र विषय असलेला विज्ञान पदवीधर असावा आणि त्याने मान्य संस्थेतून किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र जोडावे. नियमांत नावे असलेल्या संस्थांपैकी म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, उत्तर प्रदेशातील हापूरची धान्य साठवण संस्था आणि हैदराबादची वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था या तीन आपल्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. हैदराबादची संस्था आता ‘एनआयपीएचएम’ (राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था) या नावाने ओळखली जाते. पदवीची अट तुम्ही आधीच पूर्ण केलेली असल्याने उरतो तो प्रशिक्षणाचा भाग. या तुकड्या वर्षातून मोजक्या वेळाच भरतात, म्हणून आधी संस्थेला पत्र लिहून तारीख निश्चित करा, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून अर्ज आणि शुल्काची चालू माहिती लेखी घ्या आणि मगच यंत्रसामग्रीत पैसे घाला. आधी पंप, गाडी, पाटी आणि शेवटी परवाना, असा उलटा क्रम धरून हंगाम वाया गेलेली अनेक मुले मी पाहिली आहेत.

धुरीकरणाच्या गोळ्यांबद्दल आताच सांगून ठेवतो, कारण शहरात कामे घेऊ लागल्यावर पहिल्या महिन्यातच कोणीतरी ढेकणांसाठी किंवा धान्यासाठी ‘त्या गोळ्या’ मागेल. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या 3 ग्रॅमच्या गोळीतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही. साधा कीड नियंत्रण परवाना या गोळ्यांसाठी पुरत नाही, त्यासाठी भारत सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची स्वतंत्र मान्यता लागते. माणसे राहत असलेल्या घरात ही गोळी कोणत्याही किमतीला ठेवू नये, ग्राहक कितीही ओळखीचा असला तरी. वाळवीच्या कामासाठी मात्र भारतीय मानक आयएस 6313 मिळवून वाचा. बांधकामापूर्वीचे आणि उभ्या इमारतीतील काम यांचे निरनिराळे भाग त्यात आहेत आणि जमिनीत, भिंतीच्या कडेला द्रावण कसे व किती द्यावे ते नीट दिलेले आहे.

ड्रोनचेही तुम्ही ओझरते विचारले आहे. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतून वैमानिक प्रमाणपत्र घ्यावे लागते. महिला बचत गटांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत उड्डाणाचे प्रशिक्षण 5 दिवसांचे आणि शेतीतील फवारणीचे 10 दिवसांचे ठेवले आहे. उडवायला शिकण्यापेक्षा फवारायला शिकण्यास दुप्पट दिवस दिले आहेत, हे मला फार योग्य वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लांबलचक उत्तर लिहायला बसलो, त्याकडे वळतो. परवाना तुमच्या नावावर असेल, पण पंप पाठीवर घेणारा माणूस दुसराच असेल आणि त्याच्या प्रशिक्षणाची कोणतीही सक्ती कोणी तुमच्यावर प्रत्यक्षात करणार नाही. 2017 च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात काय झाले ते तुम्ही पाहिले असेल. कपाशी माणसाच्या खांद्यापर्यंत वाढली होती, उकाडा होता, एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती आणि जोराने बारीक तुषार उडवणारे पंप नव्याने आले होते. 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर गेले आणि शेकडो जण रुग्णालयांत होते. त्यांतील कितीतरी जण वर्षानुवर्षे फवारणी करणारे होते.

माझ्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. आमच्या एका मजुराच्या पंपाचे झाकण नीट बसत नव्हते आणि द्रावण झिरपून त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. तोंडाला रुमाल बांधलेला होता, म्हणून तो सुरक्षित आहे असे मी समजत होतो. दुपारपर्यंत त्याला दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ येऊ लागली आणि डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली ती औषधाची बाटली, आणि ती आम्ही बांधावर टाकून आलो होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा चालतो, काही औषधांना ठरावीक उताराच नसतो, म्हणून काय फवारले हे डॉक्टरांना कळणे हाच उपचाराचा आरंभ असतो. तो मजूर वाचला. त्या दिवसापासून बाटलीसोबत येणारे माहितीपत्रक आणि लेबलाचे छायाचित्र माझ्या खिशात असल्याशिवाय कोणतेही झाकण उघडले जात नाही. विषबाधा झाल्यास दूध, तूप पाजू नये आणि मनाने उलटी करवू नये, कारण द्रावकातील तेलकट रसायन उलटीबरोबर फुप्फुसात गेले तर दुसरेच संकट उभे राहते. भिजलेले कपडे ताबडतोब उतरवावेत, साबणाने अंग धुवावे आणि माणसाला घेऊन निघावे.

विष बहुधा कातडीतून शिरते, ही गोष्ट मजुरांना सर्वांत आधी शिकवा. रुमालाने वाफ अडत नाही आणि ओला झालेला रुमाल तर विष तोंडाशी धरून ठेवतो. लांब बाह्यांचे कपडे, पाठीवर प्लॅस्टिकचे आवरण, रबरी हातमोजे, बूट आणि औषधानुसार कार्बनयुक्त मुखवटा हे साहित्य मालक म्हणून तुम्ही द्यायचे आहे आणि त्याचा खर्च एकराच्या दरात धरायचा आहे. दुपारच्या उन्हात हे अंगावर कोणी ठेवत नाही, म्हणून काम सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावे आणि वारा आपल्या अंगावरून पुढे जाईल अशी चाल ठेवावी. लेबलावरील त्रिकोणाचा रंगही प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे: लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. अक्षरओळख नसलेला माणूसही तो रंग वाचू शकतो.

मात्रेबाबत ‘पंपाला दोन झाकणे’ हा हिशेब तुम्ही सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेबलावर मात्रा हेक्टरी दिलेली असते, तर पंपागणिक किती घालायचे हे तुमचा माणूस एकरात किती पाणी टाकतो त्यावर ठरते. पंपात मोजून साधे पाणी भरा, 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद तुकडा नेहमीच्या चालीने फवारा आणि किती लिटर संपले ते पाहून त्याला 40 ने गुणा. 5 लिटर संपले तर एकरी 200 लिटर झाले, म्हणजे 16 लिटरचे साडेबारा पंप. हेक्टरी 125 मिली, अर्थात एकरी 50 मिली मात्रेच्या औषधाचे मग पंपाला 4 मिली होतात. दुसरा माणूस भरभर चालून एकर 120 लिटरमध्ये संपवत असेल तर साडेसात पंपच होतात आणि पंपाला साधारण 6.7 मिली लागतात. दोघेही एकच झाकण ओततात, म्हणून एकाच्या शेतात कीड मरत नाही आणि दुसऱ्याच्या शेतात पाने करपतात. नोझल झिजले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. तणनाशकाचा पंप निराळाच ठेवावा, नाहीतर धुतलेल्या पंपातील उरलेला अंशही कपाशीची पाने वाकडी करतो.

अर्ज करण्यापूर्वी आणखी एक काम करून टाका. नियमांत फवारणीच्या कामावरील माणसांची कामापूर्वी आणि पुढे ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. हंगाम सुरू होण्याआधी, अंगाला औषध लागलेले नसताना, स्वतःची आणि तिन्ही-चारही मजुरांची कोलिनेस्टरेज तपासणी (ऑर्गॅनोफॉस्फेटसारख्या विषाने रक्तातील ज्या विकराचे प्रमाण घटते त्याची रक्ततपासणी) करून तो आकडा वहीत प्रत्येकाच्या नावासमोर लिहून ठेवा. हंगामात एखादा ‘डोके जड झाले आहे, मळमळते आहे’ म्हणाला, तर डॉक्टरांना तुलना करायला हाच आकडा उपयोगी पडेल. तो उतरलेला दिसला की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरे काम द्या आणि त्याची मजुरी कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणारच नाही.